शून्य नंबरचं दार

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं घर, आणि दोन्ही एकाच इमारतीत! खाली ऑफिस, वर आम्हाला मिळालेल्या दोन खोल्या. बायको म्हणाली, आता उशीर झाला की ट्रॅफिकच्या नावावर बिल फाडता येणार नाही. इथली सगळी दारं कार्डाने उघडतात. दार उघडलं किंवा नुसतं हलवलं तरी कुणाच्या कार्डाने, आतून की बाहेरून, अशी एक ओळ सर्व्हरच्या लॉगफाइलमध्ये पडते. त्या फाइलवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, नव्याने लिहायची, हे माझं काम. जुनी स्क्रिप्ट माझ्या जागी आधी असलेल्या काकांनी पर्ल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलीय. उघडली आणि डोळे पांढरे झाले. कीबोर्डवरून मांजर चालत गेलं असावं.

बुधवार, ५
नव्या स्क्रिप्टची भाषा ठरली. शेल दोन-चार ओळींपुरतं बरं, पुढे गुंता. पर्ल चपळ, पण काकांनंतर ते वाचणार कोण? मी पायथन म्हणालो, साहेबांनी मान डोलावली.

काकांच्या स्क्रिप्टमध्ये एक विचित्र ओळ आहे: शून्य नंबरच्या दाराची नोंद आली की फेकून दे. असं दार इमारतीत नाहीच. काकांना फोन केला. म्हणाले, बाकी हवं ते बदल, तेवढी ओळ ठेव. का, ते सांगेनात. निवृत्त झाले तरी ऐट जात नाही! मी ती ओळ गाळली. उलट, अनोळखी दार दिसलं की त्याला दारांच्या यादीत आपोआप घालायची सोय केली. पायथनमध्ये हे चुटकीसरशी होतं. बायकोला बोलावून दाखवलंसुद्धा.

शुक्रवार, ७
स्क्रिप्ट सकाळी सुरू केली. दुपारी जेवायला वर गेलो, तर स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीमधल्या भिंतीत एक दार. राखाडी, बाकीच्यांसारखंच, शेजारी कार्डाचं यंत्र. बायकोला वाटलं मीच बसवून घेतलं. म्हणाली, चला, तुझ्या न उघडलेल्या खोक्यांची सोय झाली. भिंत वीतभरही जाड नाही. खाली येऊन यादी बघितली. शून्य नंबर त्यात आहे.

सोमवार, १०
यादीतून खोडलं. पुन्हा आलं. आतून कुणीतरी दार हलवतंय, त्याची ओळ पडते, आणि माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे ते परत यादीत घालते. काकांची ओळ परत घालायची ठरवली. चहा संपवून घालू म्हटलं.

तेवढ्यात लॉगमध्ये आलं: शून्य नंबर, बाहेरून उघडलं, कार्ड बायकोचं. धावत वर गेलो. गॅसवर दूध उतू गेलेलं. दारापाशी माझं एक खोकं. ती नाही. माझ्या कार्डाला दार दाद देत नाही.

मंगळवार, ११
काका फोनवर रडले. त्यांचा थोरला भाऊ इथेच कामाला होता. तो आत गेला आणि त्यांनी ती ओळ घातली. दार गेलं, भाऊही गेला. म्हणाले, तूही घाल, आजच घाल. त्यातून जे बाहेर येतं ते आपलं माणूस नसतं. त्यांना कसं कळलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

मी कशी घालू? ती आत आहे.

बुधवार, १२
दारासमोर बसलोय. लॅपटॉप मांडीवर, हे त्यातच लिहितोय. आतून दार हलवल्याच्या ओळी पडतायत— एकीतही कार्ड नाही— तिचं कार्ड गळ्यातच असतं, मग ती ते लावत का नाही— हाका मारून घसा बसला. ही माझी चूक आहे. माझीच.

गुरुवार
काकांची ओळ टाइप केलीय. एंटर दाबायचं बाकी—

शून्य नंबर, आतून उघडलं. कार्ड नाही.

दार किलकिलं झालं. आत अंधार. आतून हाक— अहो, म्हणाली.

ती मला कधी अहो म्हणत नाही. लग्नाआधीपासून अरे-तुरेच—

पण आवाज तिचाच. एंटर दाबला की संपलं— दाबवत नाही— पुन्हा हाक— रडतेय. मी नुसतं फटीतून बघतो, हात आत नाही घाल