बान्यो ११२ मध्ये सापडलेला ओरेस्ते

३ ऑगस्ट, रविवार

आज नवरा हरवलेल्या मुलांच्या खोलीतून सोडवून आणला!

दहाला नेहमीसारखा पाण्याकाठून फेरीला गेला. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मी शब्दकोड्यात डोकं घालून बसले होते. तेवढ्यात खांबावरचा लाऊडस्पीकर खरखरला — ‘लक्ष द्या! लक्ष द्या! बान्यो ११२ मध्ये एक मुलगा सापडला आहे. नाव ओरेस्ते. वय एकाहत्तर. निळी चड्डी. मुलगा रडत नाही. आईवडिलांनी ताबडतोब यावं.’

सात किलोमीटर किनारा, त्यावर भाड्याच्या छत्र्यांचे नंबर लावलेले शंभरावर तळ, म्हणजे हे बान्यो, आणि दर खांबावर एक लाऊडस्पीकर. ऑगस्टात आमचं अर्धं मोदेना शहर इथेच पडलेलं असतं. सगळ्यांनी ऐकलं. मी चपला हातात घेतल्या आणि धावत सुटले. आमच्या बान्यो ८४ पासून ११२ — दीड किलोमीटर तरी असेल. माझं वय अडुसष्ट.

बाकावर दोन रडक्या चिमुरड्या आणि मधोमध ओरेस्ते, बर्फाची कांडी चोखत. लिंबाची. टेबलामागे आलेस्सिया नावाची मुलगी, पंधरा कानातली घातलेली. तिने त्याला विचारलं, “आजोबा, या बाईंना ओळखता का?” त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. चांगला वेळ घेतला हो! मग म्हणाला, “हो. बायको आहे.” मी सही केली आणि माल ताब्यात घेतला.

“छत्र्याच सगळ्या सारख्या,” म्हणाला. आमच्या निळ्या-पांढऱ्या. शेजारच्या बान्योच्या पिवळ्या. त्याच्या पुढच्या हिरव्या. सारख्या!

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा. ११२. आज स्ट्रॉबेरी.

६ ऑगस्ट, बुधवार

चार दिवसांत चौथ्यांदा. आता मला पाण्यातसुद्धा पोरं विचारतात, “आजी, ओरेस्ते सापडला का?” नारळाच्या फोडी विकणारा आरोळी ठोकत येतो आणि आमच्या छत्रीपाशी आला की आवाज खाली आणून विचारतो, “आहेत ना जागेवर?” मागच्या रांगेतल्या नीवेसशिवाय सगळे हसतात. ती बिचारी हसत नाही. तिचा नवरा गॉफ्रेदो फेब्रुवारीत गेला. तिच्या शेजारची आरामखुर्ची मिटलेली असते, पण भाड्याने घेतलीच आहे तिने, दरवर्षीसारखी.

माझ्या मनात एकच प्रश्न. याचं डोकं गेलंय की माझ्यावरून मन उडालंय? दोन्हीतलं काय वाईट, हेही ठरवता येत नाही. अडतीस वर्षं टपाल वाटलं या माणसाने. एक पाकीट चुकीच्या दारात टाकलं नाही. त्याला अख्खी छत्री सापडत नाही?

म्हणून आज जेवणानंतर परीक्षा घेतली. आम्ही उतरलोय त्या पेन्सिओनेच्या मागच्या अंगणात, कलिंगड खाता खाता, सहज विचारल्यासारखं — “काय रे, ती आपली जुनी चर्चमागची गल्ली. तिथे कोण कोण राहायचं?” झालं! एकपासून सुरू. कोणाच्या दाराला घंटा नव्हती, कोणाला पेन्शन कधी यायची, एकोणीस नंबरच्या कुत्र्याने कुठल्या पोटरीला चावा घेतला, कोणत्या बाईला मिलानोहून जांभळ्या शाईतली पत्रं यायची. तिचा नवरा कारखान्यात गेल्यावरच हा ती वाटायचा म्हणे! शेहेचाळीस नंबरपर्यंत आला तेव्हा मीच दमले.

डोकं शाबूत आहे. जिवात जीव आला.

मग बसल्या बसल्या लक्षात आलं — म्हणजे मग दुसरं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

हसावं की रडावं! साथ आली आहे. आज ११२ च्या बाकावर पाच नवरे. पाच! एक फेर्राराचा निवृत्त रेल्वे-गार्ड, एक दंतवैद्य, दोन भाऊ (एकमेकांना शोधताना हरवले म्हणे) आणि आमचा ओरेस्ते, मानाच्या जागेवर, अनुभवी. पत्ते चालले होते. खरी हरवलेली पोरं बाहेर वाळूत बसलेली, आत जागाच नाही.

आलेस्सिया कपाळाला हात लावून बसली होती. “आजी, कांड्या संपल्या. त्यात त्या डॉक्टरांच्या बायको आल्या आणि म्हणाल्या, आज ठेवूनच घ्या, उद्या बघू.”

बान्योवाल्यांनी दुपारी पाटी लावली — ‘हरवलेल्या व्यक्तीला फक्त घरच्यांच्या ताब्यात दिले जाईल. तोवर बाहेर सोडले जाणार नाही.’ वयाची अट घालायची कोणाची हिंमत नाही. सगळी जुनी गिऱ्हाइकं.

आमच्या बान्योचा जीवरक्षक लोरिस म्हणतो, “काकू, समुद्रातून माणूस काढायचं शिक्षण घेतलं मी. इथे कोणी बुडतच नाही. सगळे वाळूत हरवतात.”

मला मात्र हसू येईना. बाकीचे गंमत म्हणून जातात, हे दिसतंच. ओरेस्ते पहिल्यांदा का गेला?

९ ऑगस्ट, शनिवार

आज गेले नाही.

मुद्दाम. पुकारलं — मान खाली घालून बसले. पुन्हा पुकारलं. नखं रंगवायला घेतली. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आलेस्सियाचा आवाज जरा वेगळा आला, ‘...आईवडिलांनी कृपया यावं.’ कृपया! आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघताहेत. एका नखाचा रंग बोटभर पसरला. मी म्हटलं, बसू दे. बसू दे एक दिवस. कोणासाठी धावायचं? ज्याला माझ्या शेजारी दोन तास बसवत नाही त्याच्यासाठी?

साडेबाराला पेन्सिओनेत घंटा झाली. टेबलावर एकटी. लाझान्या आली, निवली. अडीचला छत्रीपाशी परत आले तर समोरून ओरेस्ते येतोय, आणि त्याचा हात धरून नीवेस!

दुसऱ्याच बाईने सही करून नेला माझा नवरा! जेवूही घातलं — पियादिनाची रोटी आणि थंड बिअर.

काहीतरी बोलणार होते. चांगलं झणझणीत तयार होतं. पण नीवेस आधी बोलली. “मला ऐकवेना, योलांदा. माणसाचं नाव पुकारताहेत आणि कोणी उठत नाही. आलेस्सियाला म्हटलं, मी बहीण आहे. रागव हवं तर.”

आणि जाऊन आपल्या छत्रीखाली बसली. मिटलेल्या खुर्चीशेजारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० ऑगस्ट, रविवार

भांडण. भांडण कसलं, मीच बोलत होते आणि मीच रडत होते. विचारलं सरळ — माझा कंटाळा आलाय का? आला असेल तर सांग, मोदेनाला परत जाऊ, तू पुढच्या खोलीत राहा, मी मागच्या.

तो बराच वेळ टॉवेलची घडी घालत होता. चौकोनी होईना त्याच्याने. मग म्हणाला, “तू धावत येतेस ना.”

“काय?”

“लांबून दिसतेस. चपला हातात. लोक बाजूला होतात. एवढं कोणी माझ्यासाठी धावलेलं मला आठवत नाही. म्हणून जातो.”

एक्केचाळीस वर्षांत या माणसाने मला दोनदा चांगलं म्हटलंय. एकदा लग्नात आणि एकदा माझ्या आईसमोर. मी नाक पुसलं आणि म्हटलं, मूर्खा, मग घरी सांगायचंस, अंगणात धावले असते.

मला झोपेपर्यंत हसू येत होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल नवा हिरवा पोहण्याचा पोशाख चढवला. केस नीट केले. चपला हाताशी ठेवल्या. आणि वाट बघत बसले — कधी हरवतो!

उठेना. आजही उठेना. वर्तमानपत्रात तोंड खुपसून माझ्या शेजारी चिकटलाय. मी म्हटलं, “जा ना फेरीला.” म्हणाला, “पुरे आता. मन भरलं.” मी म्हटलं, “पाय मोकळे होतील.” म्हणाला, “इथेच बरं आहे.” पाण्यापर्यंतसुद्धा माझं मनगट धरून येतो. प्रेमच उतू चाललंय!

लाडात आलेला नवरा आणि हरवलेला नवरा — हरवलेलाच बरा होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तो जात नाही तर मी जाते! “केस वाळवून येते,” म्हटलं आणि सरळ ११२ गाठलं.

आलेस्सियाने पेन खाली ठेवलं. “आजी, तुम्हीसुद्धा?”

“हरवले,” मी म्हटलं. “पुकार.”

‘लक्ष द्या! लक्ष द्या! बान्यो ११२ मध्ये एक मुलगी सापडली आहे. नाव योलांदा. वय अडुसष्ट. हिरवा पोशाख. मुलगी रडत नाही.’ सात किलोमीटरवर माझं नाव! अंगावर काटा आला. कळलं मला, लोक का येतात इथे. बाकाच्या टोकाला बसले, ८४ कडून येणारा दिसावा म्हणून.

दहा मिनिटं. वीस. कोणी नाही. पस्तिसाव्या मिनिटाला आलेस्सियाने मला कांडी दिली, तीही स्वतःची. चाळीस मिनिटांनी लाऊडस्पीकर खरखरला, दुसऱ्याच आवाजात — ‘बान्यो ५३ मध्ये एक मुलगा सापडला आहे. नाव ओरेस्ते. वय एकाहत्तर. एकाच पायात चप्पल. मुलगा रडतो आहे.’

उलट्या दिशेला गेला होता!

मी उठले. आलेस्सिया दारात. “आजी, घरचं कोणी आल्याशिवाय सोडता येत नाही. पाटी वाचा.”

“अगं, घरचा तिकडे अडकलाय!”

तिने ५३ ला फोन लावला. तिकडचा पोरगा म्हणाला, आजोबांना बायको आल्याशिवाय सोडणार नाही. ही म्हणते, आजींना नवरा आल्याशिवाय सोडणार नाही. दोघं एकमेकांना नियम वाचून दाखवताहेत. मी खिडकीतून उतरले. खिडकी बुटकी होती म्हणून बरं.

धावले. मागून पुकार — ‘सापडलेली योलांदा पुन्हा हरवली आहे!’ लोक छत्र्यांखालून उठून टाळ्या वाजवायला लागले. नारळवाला ओरडला, “सरळ, आजी, सरळ!” ८४ पाशी दम तुटला. लोरिस लाल नाव पाण्यात ढकलत होता. “बसा काकू! शेवटी कोणाला तरी वाचवू द्या मला!” वल्ही मारत मारत त्याने मला ५३ ला नेलं. काठावरून पोरं पळत होती.

ओरेस्ते बाकावर बसला होता. खरंच रडत होता, लहान मुलासारखा. “मला वाटलं तू गेलीस.” मी त्याला धरलं, हसले, रडले, सगळं एकदम. “उलटा कुठे धावलास, वेड्या?”

“घाईत,” म्हणाला.

नवरा माझ्यासाठी एका चपलेवर धावला. आणखी काय पाहिजे मला!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी गॅलरीत कॉफी घेताना ओरेस्ते म्हणाला, “काल घाईत चुकलो नाही, दिशाच कळेना. पहिल्या दिवशीही मुद्दाम हरवलो नव्हतो. रोज खरंच सापडत नव्हती छत्री. तू धावत येतेस ते सांगितलं, कारण तू रडायला लागलीस. पण तेही खरंच आहे हं.”

मी कप खाली ठेवला. म्हटलं, “आजपासून फेरीला मी बरोबर येते.”

“आणि दोघंही हरवलो तर?”

“नीवेस येईल.”

तो मान हलवून कॉफी प्यायला लागला. नीवेसला अजून विचारायचं आहे.