‘लाईन’ या शब्दाच्या खुलाशासह

१. १९ जून रोजी आष्टी शिवारात तुटलेली वीजतार जोडण्यासाठी मी खांबावर चढले. उपकेंद्राने पुरवठा बंद केला होता.

२. काम लांबले. मी खांबावरूनच उपकेंद्रात फोन करून कळवले, “मी लाईनवर आहे.”

३. फोन मदतनीस हरिओम याने घेतला. त्याने ऑपरेटर साहेबराव यांना हाक मारली, “काका, प्रियाताई लाईनवर हाये.”

४. साहेबरावांना वाटले, मी फोनवर ताटकळते आहे. खांबावरून कोणी फोन करत नाही, त्या अर्थी मी उतरले असणार, असेही त्यांनी धरले. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे तिला लाईनवर. मंग बोलतो.” आणि पुरवठा सुरू केला.

५. चढण्यापूर्वी मी तारा अर्थिंग रॉडने जमिनीला जोडल्या होत्या. वीज जमिनीत गेली, उपकेंद्रातला ब्रेकर पडून पुरवठा तुटला. म्हणून हे मृत्युपत्र मला लिहिता येत आहे.

सबब मी, प्रियदर्शनी राधाकिसन शिंगाडे, वय २६, व्यवसाय वीज तंत्रज्ञ, राहणार आष्टी, ता. परतूर, जि. जालना, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता पुढील व्यवस्था लिहून ठेवते.

खुलासा: या लेखात ‘लाईन’ म्हणजे वीज वाहून नेणारी तार. फोन, पेशा, प्रेमप्रकरण आणि शिस्त हे अर्थ जिथे घ्यायचे आहेत, तिथे तसे लिहिले आहे.

माझी बँकेतली शिल्लक आणि स्कूटी आई नंदाबाई हिला. आईला स्कूटी येत नाही. तिने शिकावी. वडिलांनी मागे बसावे.

माझा टेस्टर शेजारच्या तुळजाबाईंना. हरिओमच्या मोटारसायकलवरून मी कामाला जाताना पाहून त्या आईला म्हणाल्या होत्या, “तुमच्या पोरीची लाईन चालू हाये बरं का.” इथे अर्थ प्रेमप्रकरण असा घ्यावा. लाईन चालू आहे की बंद, हे टेस्टर लावल्याशिवाय सांगता येत नाही. यापुढे त्यांनी आधी तपासावे, मग बोलावे.

साहेबरावांना काही ठेवलेले नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये असे मला सांगण्यात आले आहे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. घटनेनंतर ते घरी आले, चहा घेतला नाही. म्हणाले, “पोरी, तू बराबर बोललीस. मीबी बराबरच ऐकलं.” हे खरे आहे. म्हणूनच तोंडी निरोपावर पुरवठा सुरू करू नये, खांबावर चढणाऱ्याकडून लेखी परवानगी परत आल्यावरच करावा, असा अर्ज मी वेगळा दिला आहे. त्यावर त्यांचीही सही आहे.

अर्थिंग रॉड, हातमोजे आणि कमरेचा पट्टा धाकटी बहीण रेणुका हिला. रॉडचा चिमटा एका बाजूने वितळला आहे. तो बदलून घ्यावा, जुना फेकू नये. रेणुकाला आयटीआयला वायरमनचा कोर्स करायचा आहे. वडील तिला म्हणाले, “ही लाईन लेकीबाळींची न्हाई.” (पेशा.) मग मला म्हणाले, “तू मोठी हायेस, तिला लाईनवर आण.” (शिस्त.) मी तेव्हा “हो” म्हणाले. कोणत्या अर्थाने, ते त्यांनी विचारले नाही.

वडिलांची भीती मला मान्य आहे. खांबावर तीच मलाही वाटली. पण मी वाचले ते शिकलेल्या कामामुळे. रेणुका आत्ताच घरातले बोर्ड उघडते, न शिकता.

हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

प्रियदर्शनी राधाकिसन शिंगाडे

साक्षीदार: १. साहेबराव, ऑपरेटर. २. हरिओम, मदतनीस.

ठिकाण: आष्टी. दिनांक: ८ जुलै २०२५.

प्रत: श्री. राधाकिसन शिंगाडे, वडील.

अण्णा, बाकी सगळे माझ्यामागे करायचे आहे. एकच गोष्ट मी असताना हवी. रेणुकाच्या प्रवेश अर्जावर पालकाची सही लागते. करणार की नाही, ते सोमवार, १४ जुलैपर्यंत लिहून कळवावे. फोन करू नये. मी लाईनवर असेन.