औषधांच्या डब्यात साबण

सोमवार, ३ मार्च

चालला! डबा चालला!! पहिल्याच फटक्यात!

आमचं ऑफिस गोदामवाल्यांसाठी एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवतं. त्यात वस्तू साठवायचे डबे आहेत. आजवर कुठल्याही डब्यात काहीही कोंबता यायचं. माझ्या डब्यावर टाइप, म्हणजे आत कसली वस्तू राहणार ते, लिहावाच लागतो. औषधांचा डबा म्हटलं की आत फक्त औषधं. दुसरं काही टाकायला जा — प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. ठाऊक आहे, तरी लिहितोय. लिहायला गोड वाटतं.

आजोबा (आमचे साहेब — वय पंचेचाळीस, पण डोकं पांढरंफेक) म्हणाले, "शुक्रवारी बघतो. पटलं तर भाषेत घेऊ." कॉलेज अर्धवट सोडलेल्याचा डबा भाषेत! बाबा काय म्हणतील आता?

त्याआधी डबा चाळणीकडे. ती सगळ्यांचं काम तपासते, एक खडा सोडत नाही, म्हणून चाळणी. मान वर न करता म्हणाली, "ठेव."

ठेव! किती छान म्हणते.

मंगळवार, ४ मार्च

तिने केस कापलेत. ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. बोललो नाही. शुक्रवारी डबा पास झाला की सगळंच बोलणार.

बुधवार, ५ मार्च

सत्यानाश. आणि तोही माझ्याच तोंडाने.

औषध म्हणजे वस्तूच. म्हणून मी ठरवलं होतं, जिथे वस्तूंचा डबा मागितलाय तिथे औषधांचा दिला तरी चालेल. सरळ आहे की नाही? चाळणीने डबा तपासायला चार ओळी लिहिल्या. औषधांचा डबा वस्तू भरणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती दिला. त्याने आत साबण टाकला — साबण वस्तूच आहे ना! माझ्या डब्याने हूं की चूं केलं नाही. मग तिने त्या साबणाला विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?" धाडकन बंद पडला प्रोग्रॅम.

सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "मुद्दाम करतेस! असं कोण वापरतं?"

ती शांतपणे म्हणाली, "गोदामवाला वापरेल." आणि जेवायला निघून गेली. एकटी.

गुरुवार, ६ मार्च

तिला खोटं पाडायला सकाळपासून अकरा प्रोग्रॅम लिहिले. अकराही वेळा साबण! तिचंच खरं. मग तासाभरात उपाय सापडला. औषधांचा डबा नुसता बघायला दिला तर वस्तूंचा म्हणून खुशाल द्यावा. पण आत काही टाकायचं असेल तर मुळीच नाही.

ताईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "डबा दुरुस्त केलास, शाब्बास. आता स्वतःची जीभ दुरुस्त कर, गाढवा."

तडक चाळणीकडे गेलो. "माफ कर."

"कशाबद्दल? चुकीबद्दल की ओरडल्याबद्दल?"

"दोन्ही."

"दोन प्रकार एकाच माफीत? तुझ्या डब्यात चालत नाही ना ते?"

दोनदा मागितली. वेगवेगळी. दुसऱ्यांदा मागताना ती हसली — हसली!!

शुक्रवार, ७ मार्च

पास! आजोबांनी विचारलं, "हे कुणाला सुचलं?" म्हटलं, "साबण हिचा, झाकण माझं." दोघांची नावं लागली, शेजारी शेजारी. बाबांना फोन केला. "पगार वाढला का?" — पण आवाज खूश होता.

तिला मनातलं सांगायचं मात्र राहिलंच.

सोमवार, १० मार्च

तिने राजीनामा दिला. समोरच्या इमारतीत नोकरी मिळालीय. "माझ्या ओरडण्यामुळे?" म्हणून विचारलं.

"नाही रे. ऑफिसातही तुझ्या चुका काढायच्या आणि घरीही — एवढा वेळ आहे कुणाला?"

घरीही!