वाघदेवाचे आकडे

डोळखांब,
धनत्रयोदशी, २००५

प्रिय संदेश,

तुझं पत्र दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी शाळेतच हातात पडलं. आपल्या खेळाची पुरवणी पुण्यात छापणार, हे वाचून मी व्हरांड्यातच ओरडले. पोरांना वाटलं, बाईंना विंचू चावला. भातसानगरच्या कॉलनीत जिन्याखाली बसून आपण जे उद्योग केले, त्याचं खरंखुरं पुस्तक! पण पुढची अट वाचली आणि सगळा आनंद मावळला. पुस्तकात एक जबर नवा राक्षस हवा, नाहीतर प्रकाशक छापणार नाहीत. म्हणून आमच्या पाड्याच्या वाघदेवाचे आकडे लिहून पाठव, म्हणतोस. प्राण किती, पंजाचा घाव किती, फाशांवर किती पडले की मरतो.

तुला पहिल्यापासून राक्षसांचंच वेड. तुझ्या मामांनी मुंबईहून ते इंग्रजी नियमांचं पुस्तक आणलं, आणि आत्याकडे शिकायला आलेली मी आयतीच तुझ्या तावडीत सापडले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर व्हायचं आणि फासे देतील ते भोगायचं. खेळात भर घालणाऱ्या नव्या राक्षसांच्या, मंत्रांच्या, प्रदेशांच्या पुरवण्या शहापुरात कुठे मिळणार? म्हणून घरीच करायच्या. तू राक्षस करायचास, मी प्रदेश. अजूनही माझं मत तेच आहे. नवा राक्षस एका दुपारपुरता. मेला की संपला. नवे मंत्र दिले की मांत्रिक दाराची कडी काढायलाही मंत्रच म्हणतो. नव्या तऱ्हेचे वीर आले की जो तो चांगला चाललेला वीर टाकून नवा मागतो. प्रदेश मात्र पुरून उरतो. नदी कुठून येते, तिचं पाणी कुणाला जातं, वेशीवर कोण बसलंय, एवढं लिहिलं की गोष्टी आपल्या पायांनी चालत येतात. तू त्याला भूगोलाची वही म्हणून हसायचास. पण तुझे सगळे राक्षस राहायला माझ्याच डोंगरात यायचे, हे विसरू नकोस.

आता माझी शाळेतली पोरं खेळतात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की गुरं सोडायच्या आत त्यांचा डाव मांडलेला असतो. फासे मातीचे, चुलीत भाजलेले, थोडे वाकडे. पुरवण्याही तीच करतात. लहानी नावाच्या पोरीने सामानाची केली. तिच्यात तलवारी कमी आणि इरली, कोयते, नाचणीच्या भाकऱ्या जास्त. पावसात इरलं नसलेला योद्धा तिच्या नियमांनी आजारीच पडतो. वाचून मी फुशारून गेले.

गेल्या महिन्यात मी त्यांना नवा प्रदेश दिला. रान सुरू होतं तिथे शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ. एखादा तरी तलवार उपसेल असं वाटलं होतं. कुणी हलेना. बसल्या जागी सगळ्यांनी चपला काढल्या! पोरांतली जिवली त्या डावात मांत्रिक होती. तिच्याकडे अग्नीचा एकच मंत्र उरलेला. तो तिने उदबत्ती पेटवायला खर्च केला. मी म्हटलं, अगं, पुढे राक्षस आला तर काय करशील? तर म्हणाली, "मंग यो बघंल ना बाई." नियमात हे कुठेच बसत नव्हतं. मी पुढचा राक्षसच काढून टाकला. माझ्या डी.एड.च्या निकालाचाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

तेव्हा आकडे मिळायचे नाहीत. वाघदेव राक्षसांत बसत नाही, त्याची जागा माझ्या प्रदेशाच्या प्रकरणात आहे, आणि तिथे त्याच्यासाठी एकच नियम: इथे सगळे थांबतात आणि फासे खाली ठेवतात. छापायचं तर हे असंच छापायचं, नाहीतर माझा प्रदेश मला परत पाठव. पहिलंवहिलं पुस्तक हातचं जाईल, हे मला कळतंय. वाईट वाटतंय रे, खूप वाटतंय. पण उद्या जिवलीच्या हातात ते पुस्तक पडलं, तर मी तिला काय सांगू?

काल वाघबारस झाली. वेशीवर वाघदेवापुढे नारळ फुटला, गुराख्यांचं जेवण झालं, आणि परत येताना मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा, धर्माबाबांचा राग अख्ख्या पाड्याला ठाऊक आहे. ते एकदा मला न्यायला कॉलनीत आले, तर तू पाण्याच्या टाकीमागे लपून बसलास. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पुस्तकात भ्याया कोन तरी पायजेच का?" मी हो म्हटलं. "मंग मला घाल. मला पन समदी भितात." हे अगदी गंभीरपणे. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. देवाच्या जागी माझा बाप उभा राहायला तयार झाला, संदेश. असा राक्षस तुझ्या पुण्यात कुणाकडे नसेल. फक्त स्वतःचे आकडे ते मला सांगायला तयार नाहीत. "ज्याला पायजेत त्यानं यावा, म्होरं बसावा नि इचारावा," म्हणाले. म्हणून हे पत्र. भातकापणी उरकली की ये, शहापूरहून डोळखांबची एसटी आहे. आणि इतक्या लांब येऊन बाबांसमोर बसणारच आहेस, तर तेवढं एकच विचारून परत जाऊ नकोस. माझंही विचार.

वाट बघणारी, तुझीच,
भाविका