तू दिलेला टीव्ही आणि माझी करडी भिंत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, तिची काही तक्रार नाही.) तुझा गुडघा आता जिने चढू देतो का, आणि भावजींचा खोकला गेला की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे, ते कळव. आम्ही दोघं मजेत आहोत. हे पत्र तुझे आभार मानायला लिहितोय. फोनवर तुझे आभार मानायची सोय नाही, कारण मी सुरुवात केली की तू 'बरं बरं, जेवलास का' म्हणून विषय बदलतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा आता निमूटपणे वाच.

मी निवृत्त झालो तेव्हा तू हा टीव्ही पाठवलास. तुझ्या मुलाने तो भिंतीवर बसवला आणि जाताना मला चित्र नीट करण्याचे धडे दिले. पडदे ओढायचे, टीव्ही थोडा वेळ तापू द्यायचा, सिनेमाचा मोड निवडायचा, मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्यांचं चित्र लावायचं आणि काळ्याशेजारची पट्टी जेमतेम दिसेल एवढाच ब्राइटनेस ठेवायचा. पोरगा हुशार आहे, गुणी आहे, पण सांगत कोणाला होता? ज्या मामाने उभा जन्म छापखान्यात काढला, ज्याने यंत्रातून निघालेली पहिली प्रत उजेडात धरून 'तांबडा उतरवा, पिवळा चढलाय' असं सांगितल्याशिवाय तिथला पुढचा कागद हलत नसे, त्याला. मी मान डोलावली. त्याने लावून दिलेलं चित्र मात्र खरंच सुरेख होतं, आणि वर्षभर मी रिमोटला त्या कामासाठी हात लावला नाही.

मग टीव्ही पिवळा पडायला लागला. (तू दिलेल्या वस्तूला नावं ठेवतोय असं समजू नकोस. ठेवली होती, पण ते पुढे येईल.) बातम्या देणाऱ्या बाईचा पांढरा सदरा चहात बुडवल्यासारखा दिसू लागला, आणि पट्ट्यांच्या चित्रातल्या काळ्या बाजूच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून गेल्या. मी ब्राइटनेस चढवला. निळा चढवला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने टीव्ही उत्तम असल्याचं सांगितलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा उत्तम. तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही. मग मी माझी जुनी विद्या बाहेर काढली. कपाटातून चांगल्या छपाईचा एक कागद काढून पडद्याला चिकटवला आणि छापखान्यातलं भिंग डोळ्याला लावून दोन्हींचे रंग जुळवायला बसलो. भिंगातून टीव्हीत नुसते तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतात, एवढं ज्ञान त्यातून मिळालं. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली की आतले लोक सापडले तर त्यांनाही चहा विचारा.

शेवटी निदान केलं की दोष भिंतीचा. तुझ्याच मुलाने कधीतरी सांगितलं होतं की टीव्हीमागची भिंत करडी असली तर डोळा फसत नाही. आमची होती पिवळसर. (मला वाटत होती. हिच्या मते ती पांढरी होती.) रंगाऱ्याने आणलेला तयार करडा मला मळकट वाटला, म्हणून मी बादलीत स्वतःच्या हाताने रंग कालवला, थोडा थोडा निळा घालत, अगदी शुद्ध करडा होईपर्यंत. रंगारी म्हणाला, 'काका, निळा झालाय.' शेजारीण म्हणाली, निळा छान दिसतो हो. जावई आला, त्याने निळ्या भिंतीचं कौतुक केलं, मग मॅच लावली आणि खेळाडू गारठलेत का असं हळूच आपल्या सासूला विचारलं. मी सगळ्यांना निळा आणि करडा यांतला फरक समजावून सांगितला. ताई, मी किती मुद्देसूद समजावलं असेल याची तुला कल्पना आहे. सगळे ऐकून घेऊन घरी गेले.

आता खरं सांगतो. मनातून मी हादरलो होतो. अजूनही अवघड काम आलं की छापखान्यातून मला बोलावणं येतं, आणि त्या दिवशी मी नवरदेवासारखा तयार होऊन जातो. एवढी माणसं निळं म्हणतात आणि मला करडं दिसतं, यातलं एक तर चूक असणार, आणि चूक माझ्या डोळ्याची निघाली तर माझ्यापाशी उरतं काय? म्हणून मी टीव्हीच्या मानगुटीवर बसलो होतो. तुझा टीव्ही विकायलाही निघालो होतो. तेवढ्यात तुझा फोन आला, हिने भिंतीचं गाऱ्हाणं घातलं, आणि तू एवढंच म्हणालीस, 'त्याला एकेक डोळा झाकून बघायला सांग.'

मी चेष्टेवारी नेत डावा झाकला, भिंत करडी. उजवा झाकला, भिंत निळी. दहा वेळा आलटून पालटून डोळे झाकून पाहिले आणि मग मुकाट्याने डोळ्यांचा डॉक्टर गाठला. मोतीबिंदू, ताई, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त, आणि रंग पारखायला मी जन्मभर लावला तो डोळा नेमका उजवाच. परवा उजव्याची पट्टी निघाली आणि पांढरा रंग काय असतो ते मला पुन्हा कळलं. हिचे केस मला सोनेरी वाटायचे ते पार रुपेरी निघाले, आणि मला ते जास्त आवडले, हे तिला सांगितलंही. टीव्हीवरचं चित्र पहिल्या वर्षीसारखंच सुरेख दिसतंय. टीव्ही तेव्हाही बरोबर होता, तुझा मुलगा बरोबर होता, रंगारी बरोबर होता. तुझे उपकार मी कुठे ठेवू ते कळत नाही. माझी दृष्टी म्हणजे माझी सगळी कमाई, ती तू एका वाक्यात वाचवलीस. ऑपरेशनला मी अजिबात घाबरलो नाही, हेही जाता जाता सांगतो. भावजींना नमस्कार, मुलाला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
(एका डोळ्याने पूर्ण, दुसऱ्याने लवकरच)

ता. क. भिंत पुन्हा रंगवू म्हणालो, तर ही म्हणते निळी राहू दे, सवय झाली.

ता. क. २. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. वर घाबरलो नाही असं लिहिलंय ते खोडायला जागा नाही. टेबलावर पडून नर्सला छपाईचा सगळा इतिहास ऐकवत होतो, तो भीतीनेच. जमलं तर ये. हिला सांगू नकोस. टीव्ही बघायला आले म्हण.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. हे दवाखान्यात होते तेव्हा तुमच्या मुलाला फोन लावून मी टीव्हीचे रंग पहिल्यासारखे करून घेतले, नाहीतर नव्या डोळ्याला सगळे खेळाडू निळेच दिसले असते. ह्यांना सांगू नका. आपण भ्यायलोय हे मला कळू नये म्हणून हे दवाखान्यात माझा हात धरत नाहीत, आणि मीही बाहेर धीटपणे बसून राहते. तुम्ही नक्की या. एक हात त्यांना द्या, एक मला.