तळाची फळी

१२ मार्च

चि. रंध्यास,

अनेक आशीर्वाद, आणि मागच्या पत्राला उत्तर न दिल्याबद्दल कान पिळून ठेवलाय असं समज.

आईचं लग्नातलं कपाट तुझ्या कारखान्यात पाठवतेय. खरं सांगू, मला भीती वाटते. संध्याकाळ झाली की त्याचं दार आपोआप उघडतं आणि खोलीभर आईचा वास पसरतो, पावडर, डांबरगोळ्या आणि तिच्या धुतल्या कपड्यांचा. तिला जाऊन वर्ष होत आलं. बाबांचं विसरणं तुला ठाऊकच आहे. ते उठतात, कपाटात डोकं घालतात आणि मला सांगतात, आत्ताच बाहेर पडली, येईल इतक्यात. परवा मी त्यांच्या मागे उभी होते, तर ती माझ्या खांद्याला घासून गेल्यासारखं वाटलं. अंगावर काटा आला रे.

तुझे दाजी म्हणतात, भंगारात द्या. मी देणार नाही. तू ते नीट करून पाठव.

रागावले तरी माया तीच आहे.

तुझी अक्का

२ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तुझं भूत सापडलं. बिजागरी झिजली होती, दार स्वतःच्याच वजनानं उघडायचं. खरी भीती खाली होती. तळाची फळी किडीनं पोखरलेली, बोट लावलं की भुसा. आणखी थोडी वर्षं गेली असती तर अख्खं कपाट गेलं असतं.

फळी बदलली. आतून स्पिरिटनं पुसून घेतलं, उन्हात ठेवलं, कीड मारायचं औषध लावलं, पॉलिश केलं. आईच्या किल्ल्यांचे ओरखडे मात्र दारावर तसेच ठेवलेत. जुन्या वस्तूचं वय पुसायचं नसतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. आता तुझ्या नातवंडांनाही पुरेल.

दाजींना नमस्कार, आणि त्यांच्या भंगाराला लांबूनच. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा रंध्या

२० एप्रिल

चि. रंध्यास अनेक आशीर्वाद.

कपाट पोचलं. बघणारे बघतच राहिले, अगदी तुझे दाजीसुद्धा.

बाबांनी दार उघडलं, डोकं आत घातलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ती कुठंय? इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ती नेहमी आत्ताच तर गेलेली असायची. खोटं बोलायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. ती गेली त्या दिवशी रडले होते तसेच रडले. सकाळी विसरले, संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. आता रोज संध्याकाळी मी त्यांना आई गेल्याची बातमी देते. जेवण जवळजवळ सुटलंय. तिची पावडर शिंपडून पाहिली, डांबरगोळ्या ठेवल्या. बाबा म्हणाले, हे दुकानातलं आहे.

तुझी चूक नाही, पाठवलं मीच. पण होत्याचं नव्हतं झालं. भीती वाटत होती तेच बरं होतं. आता त्या खोलीत कुणीच नाही.

काहीतरी कर. एरवी तुला कशाची गळ घालते का मी?

तुझी अक्का

२६ एप्रिल

ती. अक्कास नमस्कार.

काढलेली फळी मागच्या अंगणात जाळायच्या ढिगात पडली होती. शोधून काढली, धूळ फुंकायला तोंडाजवळ आणली आणि आई आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तुला भित्री म्हणणारा मी, गर्रकन मागे वळून पाहिलं. मग फळी मांडीवर घेऊन तिथंच बसलो. कारागीर हाका मारून थकले.

रविवारी येतो आणि ती पुन्हा तळाशी बसवतो. कीड जिवंत आहे. औषध मारलं तर वास जाईल, म्हणून मारणार नाही. कीड कपाट खाईल, तर खाऊ दे. मी ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला निघालो होतो, पण ते बाबांपुरतं टिकलं की झालं. तुझ्या नातवंडांना मी दुसरं करून देईन.

जीव लावतेस तसाच लावत राहा. आणि रागावणार नसशील तर एक सांगतो. फळीचा एक कोपरा मी तोडून ठेवून घेतलाय. कारखाना लोकांच्या जुन्या लाकडानं भरलेला, त्यात किडका तुकडा ठेवणारा सुतार वेडाच म्हणायचा. दोनदा शेगडीपर्यंत गेलो. अजून तो माझ्या खिशातच आहे.

तुझा रंध्या