दिवेलागणीनंतरचा केर

मोरबीहून (गुजरात),
ती. म्हाळसाआत्यास, दादासोचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा, आबाजीमामांचा खोकला अन् काळी शेळी, तिघंही बरी असतील असं धरून चालतो. मी खुशाल हाय. फक्त जेवण जात न्हाय, झोप लागत न्हाय अन् नोकरी राहील का ते सांगता येत न्हाय.

झालं असं, शेठ पुतणीच्या लग्नाला गेले अन् जाताना टाइल्सच्या गोदामाबरोबर कॉम्प्युटरही माझ्या गळ्यात घालून गेले. (माझी शाळा सहावीत सुटली हे त्यांना ठाऊक न्हाय, आपल्या पिंपळीचं कुणी त्यांना भेटलं तर सांगू नका म्हणावं.) तर ते येडं सारखं म्हणायला लागलं, जागा संपली. आत बघितलं तर इंग्रजी नावांच्या फायलींची ही थप्पी, कैक वर्षांत कुणी हात लावलेला न्हाय. तूच म्हणतीस ना, दोन दिवाळ्या माळ्यावरून खाली आलं न्हाय ते काढून टाकावं. काढलं. एक फाइल हलंना, म्हणाली मालकाची परवानगी लागंल. मालक लग्नात जेवत असणार, म्हणून मीच व्हय म्हणालो. त्याबरोबर बिलाचा प्रोग्राम बंद. वाळवी झाडताना वासाच उपटावा तसं झालं. टेम्पोवाला बिलासाठी उभा, त्याला चहा पाजला, मग आणखी एक पाजला, तेव्हा तो म्हणाला, "भाई, चाय नहीं, बिल."

काढलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात पडलेलं. डबा रिकामा करू का, असं कॉम्प्युटर विचारतोय अन् माझं बोट व्हयवर. तेवढ्यात शेजारच्या दुकानात दिवा लागला अन् तू आठवलीस. दिवेलागणीनंतर केर कोपऱ्यात लोटायचा, बाहेर टाकायचा न्हाय, लक्ष्मी जाती. बोट काढून घेतलं. तर सगळं अजून डब्यात हाय, पण कुठलं कुठं ठेवायचं ते कळत न्हाय. अन् शेठ उद्या येणार.

तुझा,
दादासो

ता. क. पत्राचा फोटो आपल्या घरच्या योगिनीच्या फोनवर पाठवतोय. ती रोज बारामतीला जाऊन कॉम्प्युटर शिकती, तिला विचारून लगेच कळव. मीच फोन केला असता, पण ती हसती, अन् ती हसली की मला पुढचं सुचत न्हाय.

ता. क. (दुसऱ्या कागदावर) योगिनीचा फोन आला. आधी हसली. मग म्हणाली, डब्यातलं सगळं परत पाठव, ज्याचं ते आपल्या जागी जातं. गेलं. बिल निघालं. पण जागा पुन्हा संपलेलीच. तर म्हणती, "दादा, घराचे वासे कशाला उपटतोस? आधी तुझं सामान बघ." बघितलं. निम्मी जागा तिनंच पाठवलेल्या व्हिडिओंनी खाल्लीय. जेवताना मी ते फोनवरून ह्यात उतरवून मोठ्या पडद्यावर लावतो. सगळ्यांत तू काळ्या शेळीला शिव्या देतीस. ते काढ म्हणती. काढणार हाय. पण दिवसा गोदामात सवड मिळत न्हाय, अन् सवड मिळती तेव्हा दिवेलागण झालेली असती.